वडक्यांच्या हातचा जोड

कसबा पेठेत दिगंबर वडक्यांना न ओळखणारा माणूस भेटला, तर तो भाडेकरू आहे आणि गेल्याच महिन्यात राहायला आलेला आहे, असं खुशाल समजावं. कारण स्वतःची ओळख करून देण्याचं काम दिगंबरराव दुसऱ्यावर सोडत नाहीत. लग्नाच्या पंगतीत, बँकेच्या रांगेत, मंडईत मटार निवडताना, एकदा तर कुणाच्या तेराव्याला पानं वाढेपर्यंतच्या वेळात, त्यांनी आपलं ठरलेलं वाक्य ऐकवलेलं आहे. "चौतीस वर्षं टेलिफोन खात्यात केबल जोडल्या. माझ्या हातचा एकही जोड पुन्हा उघडावा लागला नाही."

हे वाक्य खरं होतं. खोटं असतं तर लोकांनी केव्हाच हसून सोडून दिलं असतं.

वडके मूळचे तांबट आळीतले. वडिलांनी जन्मभर तांब्याचे हंडे ठोकले आणि मुलाने तांब्याच्या तारा पिळल्या, म्हणजे धातू घरचाच राहिला. खात्यात दिगंबररावांच्या पदाला स्प्लायसर म्हणत. रस्त्यात खणलेल्या खड्ड्यात मांडी घालून बसायचं, वर ताडपत्री, आणि मनगटाएवढ्या जाड केबलमधल्या शेकडो तारा दुसऱ्या केबलमधल्या शेकडो तारांना एकेक करून जोडायच्या. तारा जोडीजोडीने यायच्या, एकमेकींना पीळ घातलेल्या. त्यांचा रंगांचा क्रम ठरलेला असे: निळी, नारिंगी, हिरवी, तपकिरी. दिगंबरराव हा क्रम झोपेतही चुकत नसत. आनंदीबाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, तो त्यांच्या तोंडून झोपेत ऐकलेलाही होता.

एवढ्या भरभक्कम माणसाच्या घरात मागच्या दिवाळीत एक डबा आला.

तो आणला अस्मिताने. अस्मिता त्यांची एकुलती एक मुलगी, बंगळुरूला कॉम्प्युटरमध्ये. डबा म्हणजे घरच्या घरी फायली साठवायचं यंत्र. आत दोन डिस्का, एक बिघडली तर दुसरी आहेच. घराच्या इंटरनेटला जोडून ठेवला की घरातल्या कुठल्याही फोनवरून, लॅपटॉपवरून त्यात टाकावं आणि त्यातून काढावं. अस्मिता त्याचं काहीतरी इंग्रजी नाव सांगत होती. आनंदीबाई म्हणाल्या, "डबा आहे ना? मग डबा म्हणू या. आपल्याकडे साठवायच्या गोष्टी डब्यातच असतात."

डब्याची गरज खरी आनंदीबाईंची. त्या मुलींच्या शाळेत मराठी शिकवायच्या. निवृत्त झाल्यावर अंध मुलांसाठी पाठ्यपुस्तकं वाचून रेकॉर्ड करू लागल्या. आठ वर्षं रोज दुपारी दीड-दोन तास, पडदे लावून, पंखा बंद करून. त्यांचा फोन भरला, लॅपटॉप भरला, अकरावीचं अर्थशास्त्र ठेवायला जागा उरली नाही, तेव्हा अस्मिताने हा डबा दिला.

पण डब्याला बारीक घरघर होती आणि आनंदीबाई रेकॉर्डिंग करायच्या हॉलमध्ये. अर्थशास्त्रात घरघर नको, म्हणून डबा आतल्या खोलीत कपाटावर गेला. राउटर हॉलच्या खिडकीशी. मधे चौदा मीटर तार ओढायची होती, आणि ती ओढायला इंटरनेटवाल्या सलिलने आपला माणूस पाठवला.

माणूस म्हणजे चैताली कुंजीर. वय चाळिशीच्या अलीकडे, मांजरी गावाहून रोज स्कूटरवर यायची, खांद्याला हत्यारांची बॅग, पाठीमागे घडीची शिडी. दिगंबररावांनी दार उघडलं आणि तिच्या मागे कोण येतंय ते पाहिलं. मागे कोणीच नव्हतं.

तिने शिडी लावली आणि दिगंबरराव खाली उभे राहिले, मदतीला नव्हे, देखरेखीला.

"खिळे बेताने मारा," ते म्हणाले. "भिंत आमची आहे."

"खिळे न्हाय काका, क्लिपा हायत. चिकटवायच्या."

"मग त्या सरळ रेषेत चिकटवा. तार ही अशी जावी की डोळ्यांना दिसू नये."

"बरं," चैताली म्हणाली आणि तार सरळ रेषेत नेली. दोन्ही टोकांना कनेक्टर दाबून बसवले, डबा लावून दाखवला, आनंदीबाईंच्या हातचा चहा घेतला आणि गेली. दिगंबरराव खुर्ची घेऊन आतल्या खोलीत गेले आणि त्यांनी टोक डोळ्यांजवळ धरलं.

कनेक्टर पारदर्शक असतो, आतल्या आठ तारा ओळीने दिसतात. सुरुवात निळीने नव्हतीच, नारिंगीने होती. ते एक वेळ चाललं असतं. पण पुढे हिरव्या जोडीतली एक तार, मग मधेच निळी जोडी घुसवलेली, आणि हिरवीतली राहिलेली तार तिच्या पलीकडे. त्यांनी दुसरं टोक पाहिलं. तिथेही तेच.

"अगं, हे बघ," त्यांनी आनंदीबाईंना बोलावलं. "हिरव्या जोडीच्या मधे निळी. मन लावून काम केलं नाही की असं होतं."

"त्या शिकूनच आल्या असतील ना?"

"शिकवणाऱ्यालाही कुणी शिकवलेलं नसणार."

दुसऱ्या दिवशी ते पासोड्या विठोबापाशी इलेक्ट्रिकच्या दुकानांत गेले आणि कनेक्टर दाबायचा चिमटा, दहा कनेक्टर आणि एक लहानसा टेस्टर घेऊन आले. चैतालीची दोन्ही टोकं कापली. मग निळी, नारिंगी, हिरवी, तपकिरी, दोन्हीकडे अगदी एकसारखी, नवी टोकं बांधली. टेस्टर लावला तेव्हा एक ते आठ दिवे क्रमाने लागले. त्यावर त्यांनी काळी नळी चढवली आणि खात्याच्या पद्धतीने मेणाच्या दोऱ्याने गुंडाळून गाठ मारली.

आनंदीबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. "वायरीची मुंज केलीत," त्या म्हणाल्या.

दिगंबररावांनी ही गोष्ट कुणाला सांगितली नाही. लपवायचं होतं असं नाही. दाराची कडी नीट बसवली तर माणूस ते गावभर सांगत सुटत नाही, तसंच हे.

तिसऱ्या दिवसापासून डबा गायब होऊ लागला.

म्हणजे कपाटावर तो होताच, त्याचा दिवाही लुकलुकत होता. पण आनंदीबाई तासाभराचं रेकॉर्डिंग त्यात टाकायला घेत, पाऊण भाग जाई, आणि मग लॅपटॉप सांगे की असा कुठला डबा या घरात नाही. पाच-दहा मिनिटांनी तो आपोआप परत येई. लहानसहान फोटो जात, मोठं काही टाकलं की अडे. वाचलेले धडे लॅपटॉपवर असल्यामुळे बुडाले नाहीत, पण डब्यात अर्धेमुर्धे पडू लागले. अकरावीचं अर्थशास्त्र तिसऱ्या प्रकरणात मागणी वाढते आणि पुरवठा होत नाही, अशा ठिकाणी तुटलं.

दिगंबररावांच्या अंगात मात्र चैतन्य आलं. निवृत्तीनंतर चौदा वर्षांनी घरात एक अस्सल बिघाड आला होता. त्यांनी पहिल्यांदा डब्याखाली रबर घातलं, जुनी चप्पल कापून, कारण कंपनं. मग स्टॅबिलायझर आणला, कारण विजेचा दाब. अर्थिंग तपासलं. डिस्का काढून पुन्हा बसवल्या. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढलं, कारण हवा. आनंदीबाईंच्या साड्यांचा ढीग पलंगावर आला आणि आठवडाभर तिथेच राहिला.

"आता मला पण कुठे हलवायचंय का?" आनंदीबाईंनी विचारलं.

"तुझा काही दोष दिसत नाही," दिगंबरराव गंभीरपणे म्हणाले.

शेवटी अस्मिताने बंगळुरूहून डब्याच्या आत डोकावून पाहिलं. तसं करता येतं हे दिगंबररावांना फारसं आवडलं नाही. ती फोनवर म्हणाली, "बाबा, डबा ठणठणीत आहे. डिस्का पण ओके. त्यात सारखी नोंद पडतीये, लिंक गेली, लिंक आली. म्हणजे वायरमध्येच काहीतरी इश्यू आहे."

"वायरमध्ये," दिगंबरराव म्हणाले, आणि त्यांनी विचार केला. तारेला दोन टोकं आणि मधली तार. टोकं त्यांच्या हातची होती, तेव्हा तो प्रश्न मिटला. मधे उरली ती तार, आणि ती चैताली कुंजीरने ओढलेली होती. इतकं स्वच्छ निदान त्यांच्या नोकरीतही क्वचित झालं असेल.

त्यांनी तक्रार लिहायला घेतली.

सलिलच्या ऑफिसात, म्हणजे पूर्वीच्या पिठाच्या गिरणीच्या जागेत, एक नियम होता. एका महिन्यात कुणाविरुद्ध तीन लेखी तक्रारी आल्या, की तो माणूस कामावरून बंद. सलिलने हा नियम मोठ्या कंपन्यांचं बघून केला होता आणि तो कधी वापरावा लागेल असं त्याला वाटलं नव्हतं. लोक फोन करून ओरडत, आणि ओरडण्याची तिथे मोजदाद नव्हती. लेखी तक्रार करणारा पेठेत एकच माणूस होता.

पहिल्या तक्रारीवर चैताली आली. तिने टेस्टर लावला, आठ दिवे लागले. दोऱ्याचं नक्षीकाम बोटाने चाचपून तिने विचारलं, "काका, हे तुम्ही बांधलंय?"

"हो," दिगंबरराव म्हणाले. ते दोरा बांधण्याबद्दलच बोलत होते आणि तीही तेवढंच समजली.

"झ्याक हाय. पण तार चांगली हाय काका. डब्यातच बघा."

"डबा ठणठणीत आहे. बंगळुरूचा अहवाल आहे."

दुसऱ्या तक्रारीवर तिने कुरकुर न करता अख्खी तार बदलली. नवी तार, नवे कनेक्टर, त्याच सरळ रेषेत. ती गेल्यावर दोन तास डबा उत्तम चालला, अर्थशास्त्राची तीन प्रकरणं सबंध गेली. दिगंबररावांना समाधान वाटलं. मग त्यांनी टोकं पाहिली, तर तोच गाढवपणा, हिरव्याच्या मधे निळी. जाऊ दे, तेवढं आपण नीट करून घेऊ, असं म्हणत त्यांनी चिमटा काढला. संध्याकाळी चौथ्या प्रकरणाला डबा पुन्हा गायब झाला.

मग त्यांनी तिसरी तक्रार लिहिली. ती तीन पानी होती आणि तिच्यात एकही खाडाखोड नव्हती. "आपल्या कर्मचारी श्रीमती कुंजीर यांनी दोन वेळा केलेली जोडणी शास्त्रशुद्ध नसून, सदर काम त्यांच्या आवाक्याबाहेरचे असल्याचे चौतीस वर्षांच्या अनुभवावरून नमूद करणे मला भाग पडत आहे." आनंदीबाईंनी वाचलं आणि कागद परत दिला.

"मराठी निर्दोष आहे," त्या म्हणाल्या. एवढंच म्हणाल्या, आणि दिगंबररावांनी ती स्तुती समजून खिशात टाकली.

चार दिवसांनी सकाळी दारात चैताली. या वेळी तिला कुणी पाठवलं नव्हतं.

"काका, शनिवारी मला बंद करतायत," ती म्हणाली. "ते असू द्या, नियम हाय. पण दोष कुठं हाय ते मला कळलं न्हाय, आन् न कळता जायचं मला पटंना. एकदा बघू द्या."

दिगंबरराव बाजूला झाले. ती आत गेली, कपाटावरून डबा उतरवला, हॉलमध्ये आणून राउटरच्या शेजारी ठेवला. डब्याबरोबर खोक्यात आलेली हातभर लांब तार तशीच कागदात गुंडाळलेली होती. तिने ती लावली. "तीन दिवस असंच ठेवा. काकूंना म्हणावं लागंल तेवढं टाका त्यात."

ती जायला निघाली तेव्हा आनंदीबाईंनी तिला बसवून पोहे दिले. खाता खाता ती सांगत होती की शिडीवर चढणारी बाई ठेवायला सलिलसाहेब दोन वर्षं तयार नव्हते. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात काम करता करता तिने त्यांच्यामागे लकडा लावला होता. आता शेजारच्या दोन मुली तिच्याकडे शिकायला यायचं म्हणतात, त्यांना काय सांगायचं ते बघावं लागेल. हे सगळं ती आनंदीबाईंना सांगत होती, पण हॉल लहान होता आणि दिगंबररावांना बहिरेपणा नव्हता.

तीन दिवस डबा एकदाही गेला नाही. मागचे राहिलेले सगळे धडे त्यात गेले, घरघर सोसून आनंदीबाईंनी पुढचे दोन रेकॉर्ड केले, तेही गेले. दिगंबररावांनी निष्कर्ष काढला की डब्याला हॉलची हवा मानवते.

"अहो," आनंदीबाई म्हणाल्या. शाळेत शेवटच्या बाकावरच्या मुलीशी बोलताना त्यांचा आवाज असा होत असे. "डबा तोच. राउटर तोच. वीज तीच. काय बदललं?"

"तार."

"पहिली बदलली तेव्हाही तारच बदलली होती. तेव्हा दोन तास चालला. दोन तासांनी तुम्ही काय केलंत?"

दिगंबरराव आत गेले, भिंग घेतलं, आणि खोक्यातल्या त्या तारेचं टोक भिंगाखाली धरलं. कारखान्यात यंत्राने बांधलेलं टोक. नारिंगी. मग हिरव्यातली एक. मधे निळी जोडी. मग हिरव्यातली दुसरी.

त्यांनी अस्मिताला फोन लावला. तिला मीटिंग होती, तरी तिने उचलला.

"ही हिरवी जोडी मधे का तोडलेली असते?"

"तोडलेली नाहीये बाबा. तीन नंबर आणि सहा नंबर मिळून एक सिग्नल जातो, म्हणून तिथे एकाच जोडीच्या दोन वायर लागतात. तुम्ही ओळीने लावल्या तर तीनला नारिंगीतली येणार आणि सहाला हिरव्यातली. दिवे सगळे लागतात, पण लोड आला की लिंक पडते. का? कुणी केलंय असं?"

"बघतो," दिगंबरराव म्हणाले आणि फोन ठेवला.

त्यांना पुढचं सांगावं लागलं नाही. एका कामाच्या दोन तारा दोन वेगळ्या पिळांत गेल्या, याला खात्यात जोडी फुटणं म्हणत. मग कसब्यातल्या माणसाला फोनवर सदाशिव पेठेतली भांडणं ऐकू येत. स्प्लायसरच्या हातून याहून वाईट काही होऊ शकत नाही, असं त्यांनी स्वतः पंचवीस वर्षं नव्या माणसांना बजावलं होतं. आणि एका मुलीने दोनदा नीट जोडलेली जोडी त्यांनी दोनदा, टेस्टर लावून, मेणाच्या दोऱ्याने बांधून, फोडली होती. दिगंबरराव पलंगावरच्या साड्या सरकवून बसले. त्यांना मनस्वी लाज वाटली.

त्यांच्या मनात हेही येऊन गेलं की नवी तार आणून गुपचूप लावता येईल, आणि डबा चालू लागला की कुणी काही विचारणार नाही. मग ते उठले, चौदा मीटर तार भिंतीवरून उतरवली, गुंडाळून पिशवीत घातली आणि चप्पल घातली.

"छत्री घ्या," आनंदीबाई म्हणाल्या. त्यांनी कुठे जाता असं विचारलं नाही.

शनिवार होता. सलिलच्या ऑफिसात चैताली बॅगेतली हत्यारं एकेक काढून टेबलावर मांडत होती आणि सलिल यादीवर खुणा करत होता. दिगंबररावांना पाहताच तो उठून उभा राहिला. त्याच्या वडिलांच्या घरचा पहिला टेलिफोन दिगंबररावांच्या जोडावरून आला होता, हे तो जन्मापासून ऐकत होता.

"तक्रार मागे घ्यायला आलोय," दिगंबरराव म्हणाले. "तिन्ही. दोष माझ्या जोडात होता."

सलिल हसला. "काका, बसा. चहा सांगतो."

"चहा नको. टोकं मी बांधली होती. यांची कापून."

"काका, तुमचं मन मोठं आहे. मला कळतंय, बाईमाणूस आहे, काम जातंय, तुम्हाला वाईट वाटलं. पण तुमच्या जोडात दोष? उद्या हे पेठेत सांगितलं तर लोक मला हसतील."

"तीन पानं लिहिली तेव्हा माझं मन कुठे मोठं होतं?"

"ती तर मी फ्रेम करणार होतो," सलिल म्हणाला, आणि तो चेष्टा करत नव्हता.

दिगंबररावांनी पिशवीतून तार काढली. सलिलने आदराने ती घेतली, दोन्ही टोकं टेस्टरला लावली. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात, आठ. सगळे दिवे क्रमाने लागले.

"बघा," सलिल म्हणाला. "तुमच्या हातचं काम. जोड निर्दोष आहे. म्हणजे मग," आणि तो चैतालीकडे पाहून थांबला.

आपण कबुली द्यायला आलो आणि या बाईविरुद्ध चौथा पुरावा हातात देऊन बसलो, हे दिगंबररावांच्या लक्षात आलं. चैतालीने मात्र एव्हाना तार उचलली होती. तिने मेणाचा दोरा पात्याने कापला, काळी नळी मागे सारली आणि टोक उजेडात धरलं. एकदाच पाहिलं.

"जोडी फुटलीय," ती हळूच म्हणाली. मग दिगंबररावांकडे पाहून, "दोन्ही येळंला?"

"दोन्ही वेळेला."

"आठ दिवे लागले ना पण," सलिल म्हणाला.

"हा टेस्टर तार अखंड आहे का एवढंच सांगतो. कुठली तार कुणाशी पिळलेली आहे हे त्याला कळत नाही," दिगंबरराव म्हणाले. सलिलने मान डोलावली, वडीलधारी माणसं जुन्या काळाबद्दल बोलू लागली की डोलावतात तशी. त्याला पटलेलं नव्हतं. दिगंबररावांच्या लक्षात आलं की हा माणूस आपल्या तीन पानांवर विश्वास ठेवतो आणि आपल्यावर ठेवत नाही.

"तार द्या," ते म्हणाले. "आणि दोन कनेक्टर. एक यांच्या पद्धतीचा करतो, एक माझ्या. शेजारी शेजारी ठेवतो. मग तरी डोळ्यांना दिसेल."

चैतालीने तारेचे दोन तुकडे, कनेक्टर आणि चिमटा पुढे ठेवला. दिगंबरराव स्टुलावर बसले. तारेवरचं कवच त्यांनी एका फेरीत उतरवलं, पीळ सोडवले, तारा नखाने सपाट केल्या. हात बहात्तर वर्षांचे होते, पण कापत नव्हते. सलिल कौतुकाने पाहत होता. काम करता करता दिगंबरराव त्याला समजावत होते, की यांच्या पद्धतीत हिरवीच्या मधे निळी येते, ती का येते, तीन नंबर काय, सहा नंबर काय. सगळं बरोबर समजावलं. पहिला कनेक्टर दाबला, टेबलावर ठेवला. दुसरा दाबला, शेजारी ठेवला.

"हा त्यांचा. हा माझा," ते म्हणाले. "आता बघ फरक."

सलिल वाकला. त्याने एक उचलला, मग दुसरा. पुन्हा पहिला.

"काका," तो म्हणाला, "हे दोन्ही सारखेच आहेत."

दिगंबररावांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. निळी, नारिंगी, हिरवी, तपकिरी. निळी, नारिंगी, हिरवी, तपकिरी. तोंड नारिंगीबद्दल बोलत होतं आणि हातांनी न विचारताच निळीपासून सुरुवात केली होती.

सलिलने दोन्ही कनेक्टर सावकाश खाली ठेवले. आता त्याला पटलं होतं, आणि त्याचं तोंड एखादी जवळची वस्तू हातून फुटल्यासारखं झालं होतं. तक्रारीचे कागद त्याने खणातून काढले, दिगंबररावांच्या पुढ्यात ठेवले आणि नजर दुसरीकडे वळवली.

"चैताली," तो म्हणाला, "हत्यारं बॅगेत भर. सोमवारी कसब्यातच ये."

चैतालीने बॅग ओढली, पण भरली नाही. ती दुसरं स्टूल घेऊन दिगंबररावांच्या समोर बसली. त्यांनी बांधलेली दोन्ही टोकं कात्रीने कापली, एका तुकड्याचं कवच पुन्हा उतरवलं आणि आठही तारा मोकळ्या करून त्यांच्या हातात दिल्या.

"नारिंगीनं सुरू करा काका. आधी तिच्यातली पांढरी, मग नारिंगी."

दिगंबररावांनी त्या दोन तारा अंगठ्याखाली धरल्या. निळी आपोआप बोटाला आली होती, ती त्यांनी मागे सारली.

"मग?" त्यांनी विचारलं.

"हिरव्यातली पांढरी."

"आणि हिरवी?"

"तिला जरा थांबू द्या," चैताली म्हणाली. "मधे निळी जायचीय."

दिगंबररावांनी हिरवी तार करंगळीने बाजूला धरून ठेवली.